बीपीची गोळी घेताय? आधी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा

"ती पांढरी, छोटी, बीपीची गोळी द्या." मी फार्मासिस्ट आहे, हे वाक्य रोज ऐकते. पांढऱ्या, छोट्या गोळ्या शेकड्याने आहेत हो! ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, ते लिहून जवळ ठेवा. दोन डॉक्टरांनी दोन ब्रँडने लिहिलेलं एकच औषध दुप्पट घेणारे, आणि मग चक्कर येते म्हणणारे, मी पाहिलेत.

त्या नावाच्या शेपटावरून गोळीचा गट कळतो. 'डिपिन' असेल, म्हणजे ॲमलोडिपिन वगैरे, तर ती रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही. स्नायू सैलावतात, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. हिने काहींचे घोटे सुजतात, मोज्याचा वळ उठतो. ही सूज लघवीच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळीने सहसा हटत नाही, तेव्हा ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात.

'प्रिल' आणि 'सार्टन' ही भावंडं. शरीरातलं अँजिओटेन्सिन-२ वाहिन्या आवळतं. रॅमिप्रिलसारखी प्रिल ते तयार होणं रोखते, टेल्मिसार्टनसारखी सार्टन त्याला कामच करू देत नाही. प्रिलने कोरडा, चिवट खोकला लागू शकतो. लोक त्यावर खोकल्याची बाटली मागायला येतात, मी त्यांना आधी बीपीची गोळी कोणती ते विचारते. यांतल्या कुठल्याही गोळीने ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र पुढचा डोस न घेता लगेच हॉस्पिटल गाठा. दोन्ही गट गरोदरपणात चालत नाहीत. पोटॅशियमही वाढवतात, म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी टाळू नका. 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियमच असतं, तेही विचारल्याशिवाय नको.

'ओलॉल' (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल) हृदयाचे ठोके मंदावते. ती अचानक बंद करणं धोक्याचं, विशेषतः हृदयविकार असेल तर. लघवीची गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री उठावं लागत नाही.

टेल्मिसार्टनचं एक वेगळंच. हवेतला ओलावा तिला सोसत नाही. आठवड्याच्या डबीत ठेवायचीच असेल तर गोळी फोडून काढू नका, कात्रीने वेष्टनासकट कापून ठेवा. आणि 'एक्सआर' किंवा 'ईआर' लिहिलेली गोळी चावू नका, कुटू नका. हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

सकाळी घ्यावी की रात्री? ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांत वेळेमुळे फरक दिसला नाही. विसरणार नाही अशी वेळ धरा. एखादा डोस राहिलाच तर आठवल्यावर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम नकोत.

माझा खरा राग पेनकिलरवर आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक बीपी चढवतात, आणि सार्टन किंवा प्रिल अधिक लघवीची गोळी चालू असताना मूत्रपिंडाला दगा देऊ शकतात. गुडघे दुखतात म्हणून रोज एक, असं करू नका. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांचंही तेच, त्यांनीही बीपी वाढतं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर बीपीच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारा.

मशीनवर आकडा जास्त आला म्हणून लगेच जादा गोळी घेऊ नका, जिभेखाली तर मुळीच नाही. दाब धाडकन उतरून मेंदूचा रक्तपुरवठा घटू शकतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात हृदयाच्या पातळीला ठेवा, पुन्हा मोजा. तरीही १८०/१२०च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर फोन डॉक्टरांना नाही, ॲम्ब्युलन्सला.