व्हीएचएस कॅसेटवरील जुने चित्रपट कसे जतन करावेत

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत माळ्यावर पडलेल्या कॅसेटी उन्हाळ्यात तापतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. म्हणून कॅसेट प्लेअरमध्ये घालण्याआधी तिची झडप उघडून फितीवर पांढरी भुकटी दिसते का, ते पाहावे. ती बहुधा बुरशी असते, आणि तशी फीत चालवल्यास हेड (प्लेअरमधील फीत वाचणारा भाग) मळून पुढच्या कॅसेटलाही लागण होते. फीत स्वच्छ असेल, तर कडेचा प्लास्टिकचा कान तोडावा, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही.

कॅप्चर करताना, म्हणजे फितीवरचे चित्र संगणकावर उतरवून घेताना, शक्य असल्यास टाइम बेस करेक्टर (चित्राच्या रेषांची वेळ जुळवून चित्र स्थिर करणारे उपकरण) वापरावाच, कारण थरथरणाऱ्या रेषा नंतर संगणकावर सरळ करणे फार अवघड जाते. मूळ प्रत एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस (दर्जा अजिबात न घटवणाऱ्या) स्वरूपात, पाल या भारतातील टीव्ही पद्धतीच्या सेकंदाला ५० फील्डसह (फील्ड म्हणजे एका आड एक रेषांचे अर्धे चित्र) जशीच्या तशी ठेवावी आणि सुधारणा तिच्या नकलेवरच कराव्यात. पाल कॅसेटवर २४ फ्रेमचा चित्रपट सहसा २५ फ्रेमने धावतो, त्यामुळे गाण्यांची पट्टी किंचित चढलेली असते. चित्र आणि आवाज दोन्ही सुमारे ४ टक्क्यांनी एकत्र मंदावले, की गायकाचा गळा पुन्हा ओळखीचा वाटतो. चित्रातली खरखर काढताना मात्र हात आखडता ठेवावा: ओरखडा राहिला तरी चालेल, पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जाता कामा नयेत.