क्लास समजायला किती जड आहे, हे कसं मोजायचं

रिव्ह्यूला जावाचा कोड आला की तो समजायला किती जड आहे, याचा आकडा मी आधी कागदावर काढते. कोड तपासणारं सोनारक्यूब हे टूल तो आयता देतं, पण दोन-चार मेथड (क्लासमधले एकेका कामाचे तुकडे) हाताने मोजल्याशिवाय आकडा कशामुळे फुगतो ते कळत नाही.

सवलत ठरवणारी एक मेथड घ्या. वर फॉर, म्हणजे एकेक ऑर्डर घेत फिरणारा लूप, त्यात ऑर्डर रद्द तर नाही ना हे बघणारा इफ, त्याच्याही आत ग्राहक जुना की नवा याचा इफ-एल्स. फॉरला १. आतला इफ एक पायरी खोल, म्हणून २. त्याच्या आतल्याला ३. एल्सला खोली कितीही असो, १च. एकूण ७. हे ॲन कॅम्पबेल यांनी सोनारक्यूब बनवणाऱ्या सोनारसोर्ससाठी मांडलेले कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीचे, म्हणजे कोड समजायला किती जड हे मोजायचे नियम. मॅककेब यांच्या १९७६ सालच्या, कोडमधल्या वाटा मोजणाऱ्या सायक्लोमॅटिक पद्धतीत हीच मेथड ४ वर थांबते आणि चार केसचा सरळसोट स्विच (किंमत बघून चारपैकी एक वाट निवडणारा) मात्र ५ वर जातो! कॅम्पबेल त्या स्विचला १ देतात, आणि मला ते पटतं.

अटीत ओळीने कितीही ‘अँड’ आले तरी १. मध्ये ‘ऑर’ घुसला की आणखी १. चूक होऊ शकेल असा कोड गुंडाळणारा ट्राय फुकट, ती चूक पकडणारा कॅच नाही.

आता सवलतीच्या मेथडचा आकडा उतरवा. रद्द ऑर्डर सुरुवातीलाच कंटिन्यूने (थेट पुढच्या फेरीला जाऊन) वगळली की ७ चे ६. लूपमधलं सगळं वेगळ्या मेथडमध्ये नेलं आणि तिथे कंटिन्यूऐवजी रिटर्न वापरला, की लूपकडे १, नव्या मेथडकडे ३. सोनारची मूळ मर्यादा मेथडला १५ आहे. मी दहाच्या पुढे प्रश्न विचारायला लागते.

पण क्लासचं खरं ओझं मेथडच्या बाहेर असतं. तोच स्विच काढून चार सबक्लास (मूळ क्लासचे वारस) केले की आकडा शून्य, आणि बग शोधणाऱ्याला पाच फायली उघडाव्या लागतात. म्हणून चिदंबर आणि केमेरर यांची १९९४ सालची मापं सोबत घ्या. सीबीओ म्हणजे क्लास इतर किती क्लासशी जोडलेला आहे. डीआयटी म्हणजे वारशाची खोली. मी सीबीओ आधी बघते. डीआयटी ३-४ च्या वर क्वचितच दिसतो.

शेवटी यादी लावताना गिटचा इतिहास, म्हणजे कोडमध्ये कधी काय बदललं त्याची नोंद, शेजारी ठेवा. आकडा मोठा, पण वर्षभर कुणी हात लावलेला नाही, असा क्लास खुशाल राहू द्या. आणि हे आकडे अप्रेझलमध्ये नेऊ नका, नाहीतर नुसता आकडा उतरवायला फोडलेल्या ‘प्रोसेस१’, ‘प्रोसेस२’ अशा नावांच्या मेथडचं पीक येतं.