दमट उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी कसं ठेवायचं आणि घार खाली पडली तर काय करायचं

मुंबई-ठाण्यात पारा 36-37 झाला की लोक म्हणतात विदर्भात बघा 45 असतं, पण पक्ष्यांच्या बाबतीत हे गणित चुकतं. पक्ष्यांना घाम येतच नाही, चोच उघडी टाकून धापा टाकायच्या, पारवा असेल तर गळ्याची कातडी पण थरथरवायची, त्यातून वाफ जाते आणि अंग थंड होतं. आता हवाच ओली असेल तर वाफ होणार कशी? आपले दोरीवरचे कपडे तरी वाळतात का अशा दिवशी. त्यात त्यांच्या अंगाचं तापमान मुळातच 40-42 च्या घरात.

म्हणून नुसतं पाणी ठेवून भागत नाही, सावली आणि वारा पण पाहिजे. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणा, दोन बोटं पाणी घाला आणि मध्ये एक दगड ठेवा म्हणजे चिमणी, बुलबुल त्यावर बसून पितील. स्टीलचं भांडं नको, तापतं. वारा लागेल अशा सावलीच्या कोपऱ्यात ठेवा, मांजर दबा धरून बसेल अशी जागा मात्र टाळा. रोज सकाळी काथ्याने घासून पाणी बदला, नाहीतर आजार पसरतात आणि डास होतात ते वेगळंच.

घार किंवा कावळा खाली बसलेला दिसला, पंख सैल सोडलेले, उडत नाही, तर टॉवेल टाकून अलगद उचला, घारीच्या पायांच्या नख्या आधी सांभाळा. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि खोकं सावलीत, हवेशीर जागी. पाय ओल्या फडक्याने पुसले तरी चालतं, अंगावर बर्फाचं पाणी ओतू नका. आणि प्लीज प्लीज चोचीत पाणी घालू नका!! श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं, आपण जीव वाचवायला जातो आणि तिथेच तो जातो. वाटी समोर ठेवा, शुद्धीवर असेल तर स्वतः पिईल. मग वनविभागाच्या 1926 वर फोन करा, मुंबईत परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलमध्ये (जनावरांचं हॉस्पिटल) पण पक्षी घेतात. घरी पाळायचा विचार नको, कायद्याने चालत नाही.

सोसायटीत पावसाळ्याआधीची छाटणी निघाली तर आधी खाली उभं राहून फांद्या नीट बघा, मेमध्ये कावळ्यांची घरटी भरलेली असतात आणि वरची सावली गेली की पिल्लं उन्हात उघडी पडतात.