फास्टफेचमध्ये आपला कोल्हापुरी लोगो
टर्मिनलवर कॉम्प्युटरची माहिती आणि लोगो दाखवणाऱ्या निओफेचचं डेव्हलपमेंटचं काम 2024 ला थांबलं भावांनो, आता तेच काम करणारं फास्टफेच वापरा, लई फास्ट हाय. कमांडपुढं दोन डॅश देऊन जेन-कॉन्फिग मारलं की होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात फास्टफेचची जेसनसी फाइल (सेटिंग्जची) तयार होते, त्यात मॉड्यूल्सची, म्हणजे दाखवायच्या माहितीच्या ओळींची, यादी असते, नको ती ओळ काढा, हवी ती वर घ्या, तोच क्रम स्क्रीनवर दिसतो. मी फक्त कर्नल (सिस्टीमचा गाभा), रॅम, डिस्क आणि अपटाइम (मशीन किती वेळ चालू हाय ते) ठेवलंय, बाकीची गर्दी कशाला. खरी मजा लोगोत! साध्या टेक्स्ट फाइलमध्ये अक्षरांनी कोल्हापुरी चप्पल काढली, जेसनसी फाइलीत लोगोचा ब्लॉक वाढवून सोर्सला त्या चप्पलच्या फाइलचा पाथ दिला, टाइप फाइल ठेवला, नाद खुळा दिसतंय. दोन नोंदींमधला स्वल्पविराम तेवढा विसरू नका, एरर येतो.