धुऱ्यावर बसून वानरं कशी पाहावी

तूर शेंगांवर आली की आमच्या चिमूर तालुक्यात दिवसाची राखण सुरू होते. दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचंच आहे, तर नुसतं हाड-हाड करण्यापेक्षा टोळी ओळखायला शिका. राखणही त्यानं सोपी होते.

आधी तोंड पाहा. काळं तोंड, राखाडी अंग, अंगाहून लांब शेपूट असेल तर वानर. लाल तोंड आणि आखूड शेपूट असेल तर माकड. माकडाच्या गालात पिशव्या असतात. ते हरभऱ्याचे घाटे कोंबतं, पळतं आणि झाडावर बसून निवांत चावतं. वानराला ती सोय नाही, ते वावरातच ठाण मांडतं. त्याची करामत पोटात आहे. जठराला कप्पे असतात, त्यांतले जिवाणू पाला आंबवतात. दुपारी वानरं पोट फुगवून तासन्‌तास बसलेली दिसतात, तेव्हा आत हेच काम चालू असतं. अशा पोटात बिस्किटं आणि पोळ्या घालून पुण्य कसलं मिळतं, मला आजवर कळलं नाही. वर टोळी गावाला सोकावते ती वेगळीच.

मग पिल्लं शोधा. नवं पिल्लू काळपट असतं, काही महिन्यांत राखाडी होतं. त्याला आईच धरून बसते असं नाही. आमच्या चिंचेवर एक तरणी मादी पिल्लू उलटं धरून फिरत होती, शेपूट वर आणि डोकं खाली. ते चिरकत होतं आणि आई दोन फांद्या पलीकडे पाला खात बसली होती. शेवटी दुसरीनंच ते ओढून घेतलं.

पिल्लं असलेली टोळी आपला इलाखा सहसा सोडत नाही, झोपायची झाडंही ठरलेली असतात. तिच्यात बहुधा एकच हुप्प्या, म्हणजे टोळीचा म्होरक्या नर, असतो. पिल्लू नाही, मादी नाही, नुसते नर दिसले तर ती भटकी टोळी. मग हाणामारी होणार हे धरून चाला. हुप्प्या बदलला की नवा नर कधीकधी तान्ही पिल्लं मारतो. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं धारवाडजवळ हे नोंदवलं. पुढं अमेरिकी संशोधक सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या अबूच्या वानरांवरून कारण मांडलं: अंगावरचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची पिल्लं होतात. पाहवत नाही, पण मध्ये पडू नका.

आता कान. सकाळचा घुमणारा ‘हुप्प’ हा हुप्प्याचा, शेजारच्या टोळीसाठी. खोकल्यासारखा तुटक खाकर आला तर उठून उभे राहा आणि वानरं जिकडे पाहतात तिकडे पाहा. वाघ किंवा बिबट असू शकतो. खाली पडलेला पाला खाणारी चितळंही तोच इशारा ऐकून पळतात. मी त्या बाजूच्या पिकाच्या ओळीत त्या दिवशी पाय टाकत नाही.

फाल्गुनात कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटते, तेव्हा मुलांना सोबत न्या. हिरव्यातली लाल पालवी वेगळी ओळखणारी नजर वानराला आहे, आपल्यालाही आहे, गाईला नाही. बोटांना नखं आहेत, मोठ्या वानराचे दात आपल्यासारखेच ३२. पारावर कोणी म्हणेल की माणूस वानरापासून झाला. तसं नाही. दोघांचा एकच पूर्वज होता, सुमारे अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी, आणि तिथून वाटा फुटल्या. कवटी सापडली तर दात जागेवरच मोजा, घरी आणू नका.

नराच्या डोळ्यात डोळे घालून पाहू नका. त्यानं सुळे दाखवत जांभई दिली तर मागं सरका. आणि पहाटे त्यांच्या झोपायच्या झाडाखाली उभे राहू नका. उठल्याबरोबर सगळी टोळी वरूनच मोकळी होते.