डिजिटल व्हॉल्यूम आणि गळणारे बिट : आवाज कुठे कमी करावा

संगणकावर आवाजाची पट्टी खाली ओढली की सॉफ्टवेअर ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याला (सॅम्पलला, म्हणजे त्या क्षणाची ध्वनिपातळी सांगणाऱ्या आकड्याला) एकापेक्षा लहान संख्येने गुणते आणि आलेले उत्तर पुन्हा ठरलेल्या बिटांत बसवते. सीडीचा नमुना 16 बिटांचा, म्हणजे 65,536 पातळ्यांचा असतो. बिटामागे सुमारे 6 डेसिबल धरले तर त्याची डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजातले अंतर, 96 डेसिबलच्या घरात जाते. आवाज 24 डेसिबलने उतरवणे म्हणजे प्रत्येक नमुना जवळपास 16 ने भागणे. 12,345 चे 771.56 होतात आणि आउटपुट 16 बिटांचेच असेल तर 772 लिहिले जातात. एवढा फरक कोणाच्या कानाला लागणार नाही. पण तानपुऱ्याच्या विरत जाणाऱ्या नादातला 5 हा नमुना 0.31 होऊन थेट शून्यावर येतो. चार बिट गेले, बारा उरले, आणि रेंज 72 डेसिबलवर आली.

यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे. डॅकला (डिजिटल आकड्यांचे अ‍ॅनालॉग विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाला) झेपत असेल तर आउटपुट 24 बिटांवर ठेवावे. विंडोजमध्ये ते ध्वनीच्या सेटिंगमध्ये त्या उपकरणाच्या फॉरमॅटखाली आणि मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या अ‍ॅपमध्ये निवडता येते. 16 बिटांच्या गाण्याखाली मग आठ बिट मोकळे राहतात, त्यामुळे आवाज सुमारे 48 डेसिबलने उतरवला तरी मुळातला तपशील हाती राहतो. उपकरण 16 बिटांचेच असेल, तर प्लेअरमधला डिदर, म्हणजे पूर्णांकात बसवण्याआधी मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट, चालू करावा. त्याने किंचित खरखर वाढते, पण पूर्णांकात बसवताना येणारी विकृती टळते, आणि हा सौदा परवडतो.

तरीही एक अडचण उरते, आणि माझ्या मते तीच खरी. डॅकच्या अ‍ॅनालॉग भागाचा स्वतःचा गोंगाट पट्टी ओढल्याने कमी होत नाही. 120 डेसिबल रेंजचा उत्तम डॅक घेतला आणि डिजिटल आवाज 40 डेसिबलने उतरवला, तर संगीत खाली येते, गोंगाट जागच्या जागी राहतो, आणि दोहोंत 80 डेसिबलचेच अंतर उरते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला नॉब असेल तर तो आधी पूर्ण खाली आणावा (हा क्रम चुकला तर स्पीकरवर बेतू शकते), मग प्लेअर व सिस्टीमचा आवाज वर न्यावा आणि शेवटी नॉब हळूहळू फिरवून सोयीची पातळी गाठावी. अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (ज्यांच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो) थेट डॅकला जोडलेले असतील, तर त्यांच्या मागचा गेन (संकेत किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) इतका कमी करावा की रोजच्या ऐकण्यासाठी डिजिटल आवाज 10 ते 20 डेसिबलच उतरवावा लागेल. त्यानंतर गाणे थांबवून नेहमीच्या खुर्चीत बसावे. तिथे सूं असा आवाज ऐकू येत नसेल, तर आणखी खटाटोप करण्याचे कारण नाही.

पट्टी अगदी 100 टक्क्यांवर नेण्याचा हट्ट मात्र नको. फार चढ्या पातळीवर मास्टर केलेल्या (अंतिम रूप दिलेल्या) गाण्यांत दोन नमुन्यांच्या मधले शिखर कमाल पातळीच्या वर जाते आणि काही डॅकच्या फिल्टरमध्ये ते कापले जाते; अशा वेळी 3 डेसिबल खाली राहणेच श्रेयस्कर.