आधी पाळणाघर, मग घर: लहान मुलासह पुण्यात येणाऱ्या नोकरदार आई-वडिलांसाठी

पुण्यात नोकरी पक्की झाली की बहुतेक जण आधी कार्यालयाचा पत्ता पाहतात आणि त्याच्या आसपास घर शोधू लागतात. घरात दीड-दोन वर्षांचे मूल असेल आणि आई-वडील दोघेही नोकरी करणार असतील, तर हा क्रम उलटा करावा, असे अमरावतीहून येऊन इथे स्थिरावलेला एक बाप म्हणून मी आग्रहाने सांगेन. आधी पाळणाघर ठरवावे, तिथून पायी जाता येईल असे घर घ्यावे आणि कार्यालयाचे अंतर शेवटी मोजावे. सकाळी उशीर झाला तर साहेब फार तर दोन शब्द ऐकवतात. पण संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या वेळेला जो भूमकर चौकात किंवा नगर रस्त्यावर अडकलेला असतो, त्याला गाडीत बसून फोन करत राहण्यापलीकडे काहीही करता येत नाही.

नवरा-बायकोची कार्यालये शहराच्या दोन टोकांना असणे, म्हणजे एकाचे हिंजवडीत आणि दुसऱ्याचे खराडीत किंवा हडपसरला, ही पुण्यातली अगदी नेहमीची स्थिती आहे. अशा वेळी ‘मध्यावर’ घर घेण्याचा मोह होतो आणि त्यातून दोघांचाही प्रवास लांबतो. त्यापेक्षा ज्याच्या कामाची सुटण्याची वेळ पक्की आहे, त्याच्या बाजूला राहावे. मग त्याचा पगार कमी असो वा जास्त. संध्याकाळी मुलाला आणण्याची जबाबदारी त्याच्याकडे द्यावी, आणि सकाळी पोहोचवण्याची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी. रोज सकाळी ‘आज कोण आणणार’ हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात आठवड्यातून एकदा तरी भांडण ठरलेले असते.

मेट्रोचा विचार या हिशेबात जरूर करावा. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकींना मिळतात, आणि स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून दक्षिणेकडच्या लोकांचीही सोय झाली आहे. मेट्रो वेगवान आहे यापेक्षा ती किती वाजता पोहोचवेल हे आधी सांगता येते, हा तिचा खरा गुण आहे, आणि मूल पाळणाघरात असलेल्या माणसाला त्याहून जास्त काही नको असते. कोथरूड, वनाझ, आनंदनगर किंवा पिंपरी, कासारवाडी, दापोडी या पट्ट्यात घर मिळत असेल, तर भाडे थोडे जास्त पडले तरी विचार करावा.

आता पाळणाघराकडे वळू. पुण्यात पाळणाघरे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, चिंचवड अशा जुन्या वस्त्यांत एखाद्या काकू आपल्या राहत्या घरातल्या एका-दोन खोल्यांत मुले सांभाळतात. तिथे वरण-भात ताजा असतो, माणसे बदलत नाहीत आणि मूल ‘आजी’ म्हणून कोणाला तरी चिकटते. बाणेर, वाकड, हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत मोठी, संस्थात्मक पाळणाघरे आहेत. तिथे कॅमेरे असतात, लेखी नियम असतात, वेळ उशिरापर्यंत असते आणि शुल्क बरेच जास्त असते. माझे स्वतःचे मत पहिल्या प्रकाराकडे झुकलेले आहे, पण त्यातली एक अडचण आधीच जाणून घ्यावी. घरगुती पाळणाघर काकूंच्या घरावर चालते. दिवाळीत ते आठवडाभर बंद असते, मे महिन्यात काकू लेकीकडे जातात, त्यांच्या घरी लग्न निघाले तर चार दिवस तुमची तारांबळ उडते. वर्षभरातल्या सुट्ट्या पहिल्याच भेटीत विचारून आपल्या दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात आणि रजेचे नियोजन त्यावरून करावे.

पाळणाघर पाहायला ठरवून दिलेल्या वेळी एकदा जावे, आणि न सांगता दोनदा जावे: एकदा दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास आणि एकदा संध्याकाळी सहाच्या पुढे. दुपारी जेवणाच्या वेळी घराचे खरे रूप दिसते. मावशी मुलांना घास भरवताना त्यांच्याकडे बघत आहेत की दूरचित्रवाणीकडे, भात कुस्करून मऊ केलेला आहे की कोरडाच पुढे ठेवला आहे, एकाच चमच्याने तीन मुलांना भरवले जात आहे का, जे मूल खात नाही त्याच्यावर आवाज चढतो का, हे उंबऱ्यात उभ्या उभ्या पाच मिनिटांत कळते. संध्याकाळी शेवटी उरलेली दोन-तीन मुले काय करत आहेत ते पाहावे. त्यांचे तोंड धुतलेले आहे का, कपडे बदललेले आहेत का, की चपला घालून ती दाराशी बसवून ठेवली आहेत, यावरून दिवसाच्या शेवटी सांभाळणाऱ्यांत किती जीव उरतो, याचा अंदाज येतो. न सांगता आलेले चालणार नाही असे जिथे म्हणतात, तिथे मूल ठेवू नये. भिंतीवरची रंगीत चित्रे आणि ‘उपक्रम’ यांकडे या वयात फारसे लक्ष देण्याची गरज नाही.

मूल रुळवायला पहिला पंधरवडा हाताशी ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस तासभर आणि आपण शेजारच्या खोलीत, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत, असे हळूहळू वाढवत न्यावे. नव्या नोकरीत रुजू होण्याची तारीख आणि पाळणाघराचा पहिला दिवस एकच ठेवणे हा मुलावर आणि स्वतःवरही अन्याय आहे. निरोप घेताना मात्र लपून निघून जाऊ नये. रडले तरी सांगून निघावे.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी एक गोष्ट मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावी. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा २६ आठवड्यांची झाली हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली, हे अनेकींना कोणी सांगत नाही. काही कंपन्या बाहेरच्या पाळणाघराशी करार करतात आणि शुल्काचा काही भाग उचलतात. मागितल्याशिवाय हे पुढे येत नाही, म्हणून मागावे. बापांना मात्र खासगी नोकरीत अशी हक्काची रजा कायद्याने दिलेली नाही. जी मिळेल ती कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

घरीच मावशी ठेवण्याचा पर्याय अनेकांना सोयीचा वाटतो. पूर्ण दिवसाच्या मावशी मिळतात, सहसा सोसायटीतल्या इतर घरांतून ओळखीनेच मिळतात, आणि त्या चांगल्या असल्या तर त्यासारखे सुख नाही. तरीही खाडे, आजारपण आणि गावाकडची कामे त्यांनाही असतात. महिन्याला किती सुट्ट्या भरपगारी, खाडा झाल्यास बदली मावशी कोण देणार, वरकाम आणि मूल सांभाळणे यांपैकी काय करायचे, दिवाळीला एक पगार द्यायचा का, हे पहिल्या दिवशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. मूल सांभाळणाऱ्या बाईंकडून धुणी-भांडी करून घेण्याची अपेक्षा ठेवली, की मूल मोबाइलपुढे बसते. त्यात दोष बाईंचा नसतो. पोलिस पडताळणी करून घ्यावी आणि तसे त्यांना आदराने सांगावे.

गावाकडून आई-बाबांना बोलावून घेणे हा आपल्याकडचा पहिला विचार असतो आणि तो योग्यच आहे, पण कायमची व्यवस्था म्हणून त्यावर विसंबू नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी घरांत मृग लागला की बाबांचे मन पेरणीकडे धावते, आणि दहाव्या मजल्यावरच्या बंद दाराच्या घरात आईला बोलायला कोणी नसते. दोन वर्षांच्या मुलामागे दिवसभर धावणे साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना झेपत नाही, हेही त्या स्वतःहून सांगत नाहीत. आजी-आजोबा घरी असले तरी मुलाला अर्धा दिवस पाळणाघरात ठेवावे. ते गावी गेले तरी मुलाचा क्रम मोडत नाही, आणि असतील तेव्हा त्यांना दुपारची झोप मिळते. घर घेताना सोसायटीच्या आवारात ज्येष्ठांचा कट्टा भरतो का, हे एकदा संध्याकाळी जाऊन पाहावे.

पाण्याविषयी सावध राहावे. शहराला खडकवासला धरणसाखळीतून पाणी येते, आणि दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवायचा झाल्यास तो बहुधा गुरुवारी ठेवला जातो. महावितरणचीही देखभालीची कामे बऱ्याचदा त्याच दिवशी निघतात. कडेच्या, नव्याने वाढलेल्या भागांत टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या खूप आहेत, म्हणून भाडेकरार करण्यापूर्वी सुरक्षारक्षकाला आणि तळमजल्यावरच्या एखाद्या रहिवाशाला पाण्याबद्दल विचारावे. दलाल खरे सांगेलच असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला, तेव्हापासून आमच्या घरी मुलाचे पाणी गाळून, उकळूनच दिले जाते. शुद्धीकरण यंत्र असले तरी बाहेर जाताना मुलाची बाटली घरूनच भरून न्यावी.

आजारपण हा नोकरदार पालकांच्या पहिल्या वर्षाचा सर्वांत मोठा विषय आहे. पाळणाघरात जाऊ लागलेले मूल पहिले काही महिने सतत सर्दी-खोकल्याने बेजार असते, आणि पुण्याचा पावसाळा त्यात भर घालतो. सकाळी अकरा वाजता, नेमक्या बैठकीत, पाळणाघरातून निरोप येतो: ‘अंग गरम लागतंय, घेऊन जा.’ त्या क्षणी कोणी निघायचे हे आधीच ठरलेले असावे. आमच्याकडे विषम तारखांना मी आणि सम तारखांना बायको, असा साधा नियम आहे आणि त्यावर वाद होत नाही. बालरोगतज्ज्ञ घराजवळचा असावा. बहुतेक दवाखाने सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठच्या आसपास चालतात, त्यामुळे दुपारी लागले तर कुठे जायचे, म्हणजे बालरोग विभाग चोवीस तास चालू असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे घर बदलल्याच्या पहिल्या आठवड्यात पाहून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक पाळणाघराच्या भिंतीवरही असावा. वर्षाच्या निम्म्या रजा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी राखून ठेवल्या, तर दिवाळीला गावी जाण्यापुरत्या उरतात.

लसीकरणाचे कार्ड गावाहून येताना विसरू नये. दीड वर्षाच्या सुमारास, म्हणजे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी व पोलिओचे बूस्टर द्यायचे असतात; घरबदलाच्या धांदलीत नेमके हेच राहून जातात. सरकारी वेळापत्रकातल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात आणि तिथे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

दुचाकीशिवाय पुण्यात पान हलत नाही, हे खरे. तरीही मुलाला पुढे उभे करून नेणे थांबवावे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा, असा केंद्राचा नियम आहे. पाळणाघर पायी अंतरावर असावे, या माझ्या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

आषाढी वारीच्या दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा आणि गणेशविसर्जनाच्या दिवशी पेठांकडचे रस्ते बंद असतात. त्या दिवसांत घरून काम करण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी. रविवारी मुलाला न्यायला पेशवे उद्यान, संभाजी उद्यान, एम्प्रेस गार्डन अशी मोकळी ठिकाणे आहेत. कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे सकाळी उघडताच पोहोचावे, कारण अकरानंतर लहान मुलाला कडेवर घेऊन त्या गर्दीत फिरणे अवघड होते.

कागदपत्रांत जन्मदाखला सर्वांत महत्त्वाचा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच धरला जातो, त्यामुळे त्यावर मुलाचे नाव नोंदलेले नसेल, तर जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयातून ते गावी असतानाच करून घ्यावे. पुण्यातून ते काम रेंगाळते. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेतले जात नाहीत, त्यामुळे ते चटकन होते.

शाळेची घाई करू नये, पण तारखा माहीत असाव्यात. राज्यात नर्सरीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ डिसेंबरला मुलाची तीन वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि पुण्यातल्या बऱ्याच शाळांचे अर्ज आदल्या वर्षी दिवाळीच्या आगेमागेच निघतात. शाळा निवडतानाही पहिला प्रश्न तोच विचारावा: बारा वाजता शाळा सुटल्यावर तिथून मुलाला पाळणाघरात कोण आणणार? काही काकू जवळच्या एक-दोन शाळांमधून मुले स्वतः आणतात. ज्या शाळेतून आपल्या काकू मुले आणतात, तिचा अर्ज सर्वांत आधी भरावा.